ताकाची निवळी

आई, डेअरीच्या सांडपाण्याचं ते प्रकरण झालं, त्यावर आपण दोघं पुढं कधी बोललोच नाही. तू जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आज दुपारी तुझ्या सुनेनं कालच्या ताकाचं पातेलं ओट्यावर ठेवलं होतं. खाली पांढरा गाळ, वर बोटभर निवळी, अगदी काचेसारखी. मी ती हलकेच पेल्यात काढली आणि नाकाशी धरली. "अहो, ताकच आहे, एवढं काय हुंगताय?" ती म्हणाली. काही नाही, म्हणालो. पण जेवणात लक्ष लागेना, म्हणून लिहायला बसलोय.

पिंपळवंडीच्या अलीकडं ती डेअरी. बेल्ह्याकडून, डिंगोऱ्याकडून टेम्पोनं दूध यायचं आणि मागच्या ओट्यावर तू कॅन धुवायचीस, सोड्याच्या गरम पाण्यात कोपरापर्यंत हात घालून. त्या कॅनांवर मी बी.एस्सी. झालो. डेअरीचं घाण पाणी साफ करायला एक मोठी सिमेंटची टाकी होती. तिच्यात जिवंत जंतू असतात, ते पाण्यात विरघळलेली दुधाची साखर खाऊन टाकतात. ऐन उन्हाळ्यात त्या टाकीची भिंत उभी फाटली. दुरुस्तीला महिना-दीड महिना तरी जाणार, आणि तोवर डेअरी चालवायची तर पाणी सोडायचं कुठं? म्हणून पुण्याहून चाकांवरचं यंत्र भाड्यानं आलं. लांबलचक ट्रेलर, वर पत्र्याच्या टाक्या, पंप, नळ्यांचा गुंताडा. त्याच्याबरोबर ऑपरेटर म्हणून आलो मी. माझी पहिली नोकरी, आणि पहिलीच साइट आपल्या दारात. तू बाकीच्या बायकांना सांगत सुटलीस, "माझा पोरगा आलाय, पाणी बरं करायला." मी लाजून अर्धा झालो होतो, पण खोटं कशाला बोलू, छातीही फुगली होती.

पहिल्या आठवड्यातली ती सकाळ आठवते. मी चुलीपुढं काचेचे सहा पेले ओळीनं मांडलेत. प्रत्येकात डेअरीचं पांढुरकं पाणी, आणि तुरटीचं पाणी कशात एक चमचा, कशात दोन. सगळ्यात लवकर कुठला पेला निवळतो ते बघायचं आणि यंत्रात तेवढी तुरटी सोडायची. तू भाकरी थापता थापता बघत्येस. "ह्याच्यासाठी कालेजात गेलतास व्हय रं? हंड्यात तुरटी तर मी बी फिरवती." मी तुला मोठ्या ऐटीत समजावतो की यंत्रात खालून हवेचे बारीक बुडबुडे सोडतात, मग सगळा मळ फेसासारखा वर येतो आणि आम्ही तो खरवडून काढतो. दुसऱ्या दिवशी तू येऊन तो फेस बघितलास आणि त्याचं नावच ठेवलंस, खोटी साय. ऑपरेटर म्हणून आजवर किती साइटी केल्या, पण त्या फेसाला मी मनात तेच म्हणतो.

यंत्रातून निघालेलं पाणी प्लास्टिक अंथरलेल्या एका मोठ्या खड्ड्यात साठायचं. पुण्याच्या लॅबचा रिपोर्ट चांगला आला तरच ते ओढ्यात सोडायचं, असं ठरलेलं. आणि रिपोर्टला पाच दिवस लागायचे. खाली ओढा कोरडा ठणठणीत. त्या ओढ्याच्या काठाला आपल्या वस्तीची विहीर. तिच्या पाण्याला तू कधी साधं पाणी म्हटलं नाहीस, "आपलं पाणी" म्हणायचीस. तू नवी नवरी असताना गावच्या विहिरीवर हंडा घेऊन उभी राहायचीस, कुणी वरून पाणी ओतेल याची वाट बघत. मग वस्तीनं आपली विहीर पाडली, तिचा दगड तू डोक्यावरून वाहिलास. उन्हाळ्यात तिला पुरुषभर पाणी असायचं, आणि ओढ्यात जे वाहील ते झिरपून तिच्यातच येणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मलाही होतंच की.

खड्डा भरला तेव्हा रिपोर्टला अजून दोन दिवस होते. मॅनेजर सकाळपासून माझ्या मागं लागलेला. "राव, पाणी बघा ना कसं आरशासारखं झालंय! व्हॉल्व्ह उघडा, नाहीतर मला दूध परत पाठवावं लागंल." आमच्या पुण्याच्या इंजिनिअरला ऑफिसातून फोन लावला, तर तो म्हणाला, "नितळ आहे ना? मग सही कर आणि सोड. साइट बंद पडली तर तुला परत कोण बोलावणार?" मी रजिस्टर भरलं. त्यात रंगाचा रकाना होता, गाळाचा होता, वासाचा होता. सगळे भरले, सही केली. व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवला तेवढ्यात तू आलीस, पदराला हात पुसत. खड्ड्यातलं पाणी पेल्यात घेतलंस. वास घेतलास, जिभेचं टोक लावलंस आणि पचकन थुंकलीस.

"आरं, हे आंबलंय."

मॅनेजर हसला. मी म्हणालो, "आई, बघ तरी किती नितळ आहे."

"निवळलं म्हंजी चांगलं झालं व्हय? ताकाची निवळी बी नितळच असती. घालशील का ती हंड्यात? ही आपल्या हिरीत जाणार हाय, कळतंय का तुला?"

आणि खरं तेच होतं. तुरटीनं लोणी निघतं, दुधाचा चोथा निघतो. विरघळलेली साखर निघत नाही. ती खाणारी टाकी तर फुटून पडली होती. चार दिवस उन्हात साठलेलं ते पाणी वरून नितळ आणि आतून आंबट. एवढी शाळा शिकून मला जे बोलता आलं नाही ते तू एका वाक्यात बोललीस, तेही सगळ्यांदेखत. माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, "तुला यातलं काय कळतंय? जा, कॅन धू जा."

तू पेला पालथा केलास, ओट्याच्या कडेवर ठेवलास आणि गेलीस. मी चाक फिरवलं. पाणी ओढ्यात धो धो पडायला लागलं, तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

तू ओट्यावर गेलीच नव्हतीस. तासाभरानं कॅन तुंबले तेव्हा कळलं, तू घमेलं-फावडं घेऊन सरळ ओढ्यात उतरलीस म्हणून. मी धावत गेलो. विहिरीच्या वर, ओढा अरुंद होतो तिथं, तू बांध घातला होतास. पोत्यात माती, पोत्यावर दगड, वर परत माती. वस्तीतल्या चार-पाच बाया हात लावत होत्या. पाणी बांधाला येऊन थटलं होतं, ओढ्यातली धूळ-पाचोळा घेऊन काळपट झालेलं, कडेला पांढरा फेस. एका कोपऱ्यातून पाझर सुटत होता आणि तू तिथं गुडघ्यावर बसून हातानं चिखल थापत होतीस. सोड्यानं फुटलेल्या तुझ्या हातांना ते आंबट पाणी किती झोंबलं असेल! तू वर न बघता म्हणालीस, "अजून येतंय पानी. हितं उभा राहून काय करतोस? जा की, बंद कर."

पळालो. व्हॉल्व्ह मी स्वतः बंद केला. मॅनेजर ओरडला, "कुणाला विचारून?" तर मी काय म्हणालो असेन? म्हणालो, पंपात बिघाड झालाय. तिथंही तुझं नाव घ्यायची, पाणी खराब आहे म्हणायची हिंमत झाली नाही. डेअरी दोन दिवस बंद राहिली. दुधाचे टेम्पो परत गेले आणि लोकांनी शिव्या घातल्या त्या तुला. तू उंबऱ्यात उभी राहून एकेकाला उत्तर देत होतीस, "हिरीत जाऊ द्यायचं व्हतं का मग? न्हाई, सांगा तर!" तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. पाणी नापास. बांधामागचं पाणी टँकरनं उपसलं, पुण्याहून जंतूंच्या टाकीची दुसरी गाडी आली आणि विहीर वाचली. बांधापायी मॅनेजरनं तुला कामावरून काढलं होतं, त्यानंच पुन्हा घेतलं. तुझ्याइतके कॅन धुणारं दुसरं होतं कोण?

पण त्याआधी, बांध घातला त्याच दिवशी संध्याकाळी, वस्तीतल्या बाया आपल्या दारात जमल्या. एक जण सरळ म्हणाली, "तुझ्याच पोरानं सोडलं की गं पानी. शिकलेला हाय, त्याला वास न्हाई आला?" मी आत भिंतीला टेकून बसलेलो. वाटलं, आता तू बोलशील, आणि बोलावंसच. तर तू म्हणालीस, "त्याचं नाक चोंदलंय चार दिवस. लई सर्दी झालीया. कसा येईल वास?" मग आत आलीस, चुलीवर पाणी ठेवलंस, त्यात ओवा टाकलास आणि पातेलं माझ्यापुढं सरकवलंस. "घे वाफारा." डोक्यावरून चादर पांघरलीस. मी त्या चादरीखाली रडलो, आई. तुझा हात पाठीवर होता, म्हणजे तुला कळलं असणारच. मरेपर्यंत तू सगळ्यांना तेच सांगत राहिलीस, तवा त्याला सर्दी झाली व्हती. मीही मान हलवायचो.

हे पत्र कपाटातल्या फायलीत राहील, त्या रजिस्टरच्या झेरॉक्सबरोबर. तुला वाचता येत नव्हतं, आणि त्यावर काय लिहिलंय ते तू कधी विचारलं नाहीस. वासाच्या रकान्यात माझ्या अक्षरात 'नाही' असं आहे, तू पेला उचललास त्याच्या आधीचं.

मला सर्दी झाली नव्हती, आई.