समासात लिहिलेलं

ती. आईस थोरलीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे काय म्हणतात?

ग्रंथालयात पुस्तकांतलं पेन्सिलीचं लिखाण खोडायचं काम माझ्याकडे आहे. आज एक जुनी, गाजलेली कादंबरी आली. दुसऱ्यांच्या लढाईत मदतीला म्हणून शिरलेल्या परक्या फौजेची. समासात वाचकांची नुसती भांडणं! एकाचं, "हे आले म्हणून आम्ही वाचलो." खाली दुसऱ्याचं, "बोलावलं होतं कोणी?" मी हसत हसत खोडत गेले.

शेवटच्या पानावर थरथरत्या अक्षरात होतं, "माझा मुलगा या फौजेत होता. त्याला घरी यायचं होतं."

आई, आपला धाकटाही असाच फौजेबरोबर परक्या लढाईत गेला आणि तिकडेच राहिला. ती ओळ काही खोडवेना. तिच्याखाली मीच लिहिलं, "माझ्या भावालाही."

ग्रंथपालबाईंनी पाहिलं. माझ्या हातातला खोडरबर तेवढा काढून घेतला आणि पुस्तक तसंच फळीवर ठेवलं.

हे बाबांना वाचून दाखवू नकोस.

तुझी,
थोरली