धोंड्याच्या महिन्यातली ताटे

मी, संघपाल लिंबाजी सोनकांबळे, वय एकोणतीस, राहणार मुदखेड, जिल्हा नांदेड, हे पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. येत्या गुरुवारी लातूरला माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. घाबरण्याचे कारण नाही, असे डॉक्टर म्हणाले. मी तरी घाबरतो, म्हणून लिहितो.

१. माझ्या कमाईचा स्टेशनजवळचा गाळा, त्यातील सवलत भांडार व सर्व माल पत्नी रेणुका हिला मिळावा. थोरला भाऊ आनंदराज याचे म्हणणे, माल एकगठ्ठा विकून गाळा भाड्याने द्यावा. तसे करू नये.

कारण लिहून ठेवतो. यंदा ज्येष्ठातल्या लग्नांसाठी दादाने हैदराबादहून आहेराची ताटे व दिवे टेम्पोभर आणले. आमच्यात लग्नाला मुहूर्त पाहत नाहीत, त्यामुळे ज्येष्ठ अधिक आहे हे दोघांच्याही ध्यानात आले नाही. लग्ने थांबली. खोकी दारापर्यंत आली. आत शिरायला वाट उरली नाही, तेव्हा चहाची गाळणी घेणारे गिऱ्हाईकसुद्धा पुढच्या दुकानात जाऊ लागले. दादा म्हणाला, बुडालो.

आमच्या पायरीवर भाजी विकणाऱ्या केवळाबाई हसल्या. "लगनं न्हाईत तर न्हाईत. जावई तर हायेत ना घरोघरी?" धोंड्याच्या महिन्यात जावयाला ताटात तेहतीस अनारसे आणि दिवा देतात, हे त्यांनीच सांगितले. रेणुकाने खोकी मागे नेली आणि दारात एकच ताट, एकच दिवा मांडला. सासवा आल्या. वाट मोकळी होती म्हणून आतही फिरल्या. ताटे गेली, गाळण्याही गेल्या.

म्हणून दार मोकळे ठेवावे. मात्र फळी रिकामी दिसू देऊ नये. बाजाराच्या आदल्या दिवशी भरावी. कुलूप दोनदा ओढून पाहावे.

२. पोस्टातील ठेव आई पंचफुला हिला द्यावी.

३. केवळाबाईंची पायरी कोणी काढून घेऊ नये. पावसात त्यांना शटरच्या आत बसू द्यावे.

४. ~~मोटारसायकल आनंदराज यास द्यावी.~~ हे कलम मी खोडले आहे. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये, म्हणजे पुढे शंका राहत नाही, असा वकिलांचा सल्ला आहे. दादाने सगळे वाचले. मग म्हणाला, "गाडी तुझी तूच चालव. साक्षीदार मला कर. थोरल्या भावाची सही असली की रेणुकाच्या दुकानाकडं कुणी बोट दाखवणार न्हाई."

सही : संघपाल लिंबाजी सोनकांबळे

साक्षीदार :
१. आनंदराज लिंबाजी सोनकांबळे (सख्खा भाऊ)
२. शिवमूर्ती विश्वनाथ स्वामी (शेजारचे शिंपी)

मुदखेड, रविवार, २८ जून २०२६