स्पर्शाच्या शब्दांची कार्डं

३ फेब्रुवारी, सोमवार
कार्डं लिहायचं काम माझ्याकडे आलं — स्पर्शाचे इंग्रजी शब्द, त्यांचे अर्थ, उगम. क्लासच्या सातवीच्या मुलांसाठी. गंधाली मॅडम म्हणाल्या, "शीतल, गोड लिही हं." गोड! 'टच' जुन्या फ्रेंचमधून आला. तिथे त्याचा अर्थ ठोकणे, मारणे असाही. 'सॉफ्ट' मुळात सौम्य, शांत स्वभावासाठी होता. तसा स्वभाव या ऑफिसात अजून दिसायचाय.

५ फेब्रुवारी, बुधवार
चहाच्या वेळी मॅडमनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. त्यांची बहीण रुचिरा बाळंतपणाला मुलुंडला माहेरी आलीय. बाळाला पायांवर घेऊन तेल चोळणारी बाई — माझी आई.
"आमच्या पाटीलबाई. काय मऊ हात आहे गं त्यांचा!"
आम्ही बनसोडे. 
घरी विचारलं. आई भाकरी थापत होती. "नऊ वर्षं पाटील आहे मी. बाळ कोणाच्या हातात द्यायचं ते लोक आधी आडनाव विचारून ठरवतात. तुझी कॉलेजची फी त्याच पाटलिणीने भरली."
भिंतीवर बाबासाहेब आणि बाहेर पाटील! म्हणाले मी तसं. आणखीही बरंच म्हणाले.

६ फेब्रुवारी
'इन्टॅक्ट' — लॅटिनमधून. न शिवलेलं. त्याखाली 'अनटचेबल' घेतला आणि आपल्या देशात तो कोणासाठी वापरला गेला ते लिहिलं. दोनच ओळी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
मॅडमनी दोन्ही ओळींवर काट मारली. "लहान मुलं आहेत गं. आणि आता कुठे असतं हे सगळं? जरा टॅक्ट ठेव ना."
टॅक्टसुद्धा लॅटिनमधल्या स्पर्शावरूनच आलाय. ते नाही सांगितलं. म्हणाले, "तुमच्या पाटीलबाई माझी आई आहे. चंपा बनसोडे. तुमच्या घरात शिरायला तिला खोटं आडनाव का लागतं, ते विचारा."
"अगं, आम्ही नाही मानत असलं काही."
बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

८ फेब्रुवारी
सकाळीच आईला मुलुंडहून फोन. बाळाला तेल सोसत नाही म्हणे, पुरळ आलंय. काल सकाळपर्यंत सोसत होतं.

९ फेब्रुवारी, रविवार
त्याच बिल्डिंगमधली आणखी दोन घरं गेली. आई माझं ताट वाढते आणि उठून जाते.

११ फेब्रुवारी
मॅडमच्या आई घाटकोपरला आमच्या दारात. आत नाही आल्या. बाळ तीन दिवस रडतंय, नवीन बाईकडे राहत नाही.
"चंपाबाई, मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मी बोलले का कुठे? तुमच्या मुलीने उगाच काढलं. रुचिराच्या सासूबाई यायच्यात. त्यांच्यासमोर पाटीलच राहा, म्हणजे झालं."
"तुम्हाला कळलंय ते मला माहीत होतं," आई म्हणाली.
मी वाट बघत होते. आता सुनावेल.
आईने तेलाची बाटली पिशवीत टाकली, चपला घातल्या. मला म्हणाली, "दार लावून घे."