ड्रायव्हरची सीट

प्रिय लंबू,

तुझ्या वकिलांचा आज पुन्हा निरोप आला, मॉडेल झालं का म्हणून. झालंय, असं मी सांगितलं. घेऊन कधी येते, ते मात्र सांगितलं नाही.

तूच त्यांना माझं नाव सुचवलंस. दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवायच्या आणि घरी आल्यावर गाड्यांची मॉडेलं जोडत बसायचं, या माझ्या वेडाला तू आयुष्यभर हसलास. 'ताईच्या घरात माणसांपेक्षा चाकं जास्त,' हा तुझा ठरलेला विनोद. तोच तू माझे हात धरून म्हणालास, 'ताई, आता तुझ्याच हातात आहे.' कोर्टाच्या टेबलावर ठेवायला तुझी कार आणि अपघातात जायबंदी झालेल्या त्या माणसाची मोटरसायकल, दोन्ही मोठ्या, एकाच मापात, धडकेनंतर होत्या तशा. मी लगेच हो म्हटलं. भावासाठी नाही करायचं तर कुणासाठी?

मोटरसायकल आधी घेतली. खोक्यातले सुटे भाग कापले, घासले, रंगवले; चाकातली एकेक तार ओवली, साखळीच्या कड्या चिमट्याने जोडल्या. आणि मग फोटो समोर ठेवून तीच मोटरसायकल मोडायची होती. गरम सळईने पुढचं चाक वाकवताना हात थबकला. असलं काम मी कधी केलं नव्हतं. तिच्याखाली ज्याचा पाय चिरडला, त्याला मी ओळखतही नाही. पण त्या दिवसांत तो टेबलापलीकडे बसून माझ्याकडे बघतोय असं वाटायचं.

मग वकील म्हणाले, कार आतूनही हुबेहूब हवी. कारण तो माणूस सांगतोय, की काचेतून त्याला स्टिअरिंगवर एक मुलगी दिसली. गाडी तर तू चालवत होतास. म्हणजे डोक्याला मार लागल्यामुळे तो काहीही बरळतोय. आणि वळताना कार त्याला आडवी घातली, हेही त्याचं बरळणंच. एका फटक्यात त्याचे दोन्ही आरोप उडवायचे, असा वकिलांचा बेत.

म्हणून मी आतले फोटो भिंग लावून पाहिले. अपघातानंतर लगेच काढलेले, दार उघडं असलेले. ड्रायव्हरची सीट स्टिअरिंगला इतकी चिकटलेली, की तुझे गुडघे तिथे मावलेच नसते. माझ्या गाडीत बसलास तरी तू आधी सीट धाडकन मागे ढकलतोस आणि वर मलाच बुटकी म्हणतोस. मी तो फोटो पालथा घातला. धक्क्याने सरकली असेल, अशी स्वतःची समजूत काढली. मॉडेलमध्ये सीट मागे ठेवली. चिकटवली मात्र नाही. कोण बघायला बसलंय, असंही मनात आलं. खोटं कशाला सांगू?

पण तुझी लेक बघत होती. जरा हवापालट होईल, म्हणून तूच तिला माझ्याकडे धाडलंस. पोरगी ताटातलं अन्न चिवडत बसते, दाराची घंटा वाजली की दचकते. मला वाटलं, बापाची काळजी करतेय. काल संध्याकाळी कारचं छप्पर बसवण्याआधी मी तिला म्हटलं, 'ती सीट चिमट्यात धर, मी गोंद लावते.' तिने धरली. मी जागा दाखवली.

'आत्या, पुढे,' ती म्हणाली.

मी जरा पुढे घेतली.

'अजून पुढे.'

तिने चिमटा खाली ठेवला. मग ती थांबलीच नाही. 'तिथे मी बसले होते. लायसन्स नव्हतं, बाबा शेजारी बसून शिकवत होते. आदळल्यावर त्यांनी मला बाहेर ओढलं आणि म्हणाले, तू मागे बसली होतीस, यापुढे तोंड उघडायचं नाही. आत्या, तो माणूस खरं बोलतोय. सगळे त्याला खोटा म्हणतायत, आणि मी गप्प बसलेय.'

तुझ्यावर संतापावं की तुला जवळ घ्यावं, मला कळेना. त्या क्षणी बाप म्हणून तू जे केलंस, ते कदाचित मीही केलं असतं. पण तेव्हा विचार करायला वेळ नव्हता, लंबू. आता तू विचार करून, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला वेडा ठरवायला निघालायस. आणि तेही माझ्या हातून.

सीट शेवटी तिनेच चिकटवली, होती तिथे.

फोनवर तू आवाज चढवशील आणि मी नेहमीसारखं नमतं घेईन, म्हणून हे लिहितेय. पत्र तुझ्या बायकोच्या हाती देते आहे. तिला लेकीने सगळं सांगितलंय. ती खूप रडली, पण नको म्हणाली नाही. उद्या सकाळी पोरगी आणि मी वकिलांकडे जातोय, आणि पुढे जिथे जिथे खरं सांगावं लागेल तिथे तिथे. तुझी लेक आत्ता माझ्या शेजारी बसलीय. म्हणते, 'बाबांना लिही, मला अडवू नका. पण ते येतील ना गं बरोबर?' याचं उत्तर तिला तूच द्यायचंस.

तुझीच,
ताई