पाणी पाजलं

आई, आज मी एका माणसाला पाणी पाजलं. दोन्ही अर्थांनी पाजलं आणि दोन्ही अर्थांनी मला बरं वाटलं. तू असतीस तर पाण्याचा पेला पुढे केला म्हणून माझं कौतुक केलं असतंस, आणि चारचौघांत त्याची जिरवली म्हणून झापलं असतंस. तुला जाऊन सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, कारण सांगण्यासारखं जे होतं ते सगळं रागाचं होतं आणि रागाचं बोलणं तुला कधीच सोसायचं नाही. पण आज मुलुंडला आमच्या सोसायटीच्या आवारात जे झालं ते तुझंच होतं. तुला सांगितल्याशिवाय मला घास गिळवणार नाही. कागदही त्या माणसाचाच आहे. घाईत तो पत्रकांचा गठ्ठा विसरून गेला, त्याच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे.

विक्रोळीच्या आपल्या खोलीत आलेला तो टायवाला तू विसरली नसणार. मे महिन्यातली दुपार, मी बारावीची परीक्षा देऊन घरात लोळते आहे, बाबा कंपनीत. दार उघडंच. तो उंबऱ्याबाहेर उभा राहतो, हातात काळी बॅग, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. तू कोण, कुठचा, काही विचारत नाहीस. आत वळतेस, कळशीतून पेला भरतेस, बशीत गुळाचा खडा ठेवतेस आणि म्हणतेस, "उन्हातून इलंस मरे, आधी बस. पाणी पी." पोस्टमन असो, मीटरवाला असो, मतदार यादी घेऊन आलेली बाई असो, आपल्या दारात कोणाला पाणी मागावं लागलं नाही. तुझ्या माहेराहून आलेली ती तांब्याची कळशी दर शनिवारी चिंचेने घासून तू अशी लखलखीत करायचीस की तिच्यात बघून मी वेणी घालायचे. गावाला तुझी आई येणाऱ्याला असंच गूळपाणी द्यायची, म्हणून तूही द्यायचीस. आपल्याकडे मिरवण्यासारखं दुसरं होतं काय? माणसाने आपल्याकडचं पाणी पिऊन 'हाऽऽ' केलं की तुझा चेहरा फुलायचा.

त्यानेही केलं. हे मी कधीच विसरणार नाही. पेला एका दमात संपवला, गूळ चघळला, आणखी मागितलं, वर म्हणाला, "झकास पाणी आहे, ताई. फ्रिजचं काय?" तू हसलीस. "फ्रिज खंयचो आमच्याकडे? कळशीतला पाणी ह्या." दोन पेले रिचवले त्याने. मग तोंड पुसलं आणि बॅग उघडली. "विकायला नाही आलो हां, ताई. फक्त टेस्ट करतो. एकदम फ्री." कळशीतलं पाणी एका काचेच्या ग्लासात, त्याच्या बाटलीतलं दुसऱ्या ग्लासात. सळयांच्या दोन जोड्या असलेलं एक यंत्र त्याने दोन्ही ग्लासांत बुडवलं आणि वायर आपल्या बोर्डात खुपसली. मिनिटभरात तुझं पाणी पिवळं झालं, मग हिरवट, मग गटारासारखं तपकिरी, वर गाळाच्या चिंध्या तरंगायला लागल्या. त्याचं पाणी तसंच्या तसं. त्याने तुला पोटभर बघू दिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे तुम्ही रोज पिता, ताई. मुलांना पाजता. घरात कोणाला कावीळ झाली होती का?"

तू माझ्याकडे बघितलंस. सहावीत मला कावीळ झाली होती, दीड महिना मी अंथरुणाला खिळले होते, उसाचा रस आणि फुटाणे यांवर. "हिका झाली होती," तू म्हणालीस. तो फक्त "मग बघा" म्हणाला. आज मला कळतं की तो प्रत्येक दारात हेच विचारत होता. त्या चाळीत कावीळ झाली नाही असं एक घर दाखव मला. पण तुला वाटलं, या माणसाने आपलं पाप नेमकं ओळखलं. पुढचं काम त्याला सोपं होतं. शेजारच्या वहिनींनी त्याचं पाणी शुद्ध करायचं यंत्र घेतलं म्हणून सांगितलं, आणि वहिनींना सांगितलं की तू घेतलंस. पंधरा दिवसांनी नळावर तुम्हां दोघींना ही लबाडी कळली आणि दोघी आपापले हंडे उचलून घरी आलात. ऑफर फक्त आजची, म्हणाला. जुनं भांडं दिलं तर सूट, म्हणाला, आणि तांब्यात जंतू घर करतात अशी थाप मारून कळशी घेऊन गेला. त्याआधी तू कचरत विचारलंस, "ह्यांका विचारून सांगूक?" तेव्हा तो जे बोलला ते माझ्या कानात अजून आहे. "मुलांची काळजी असेल तर घ्या, ताई. नसेल तर जबरदस्ती नाही."

तुझी काळजी त्याने काढली! हरामखोर. दोन पेले पाणी प्यायला होता.

त्या संध्याकाळी तू भाजी चिरता चिरता उठलीस, माझ्याजवळ येऊन बसलीस आणि माझा हात हातात घेतलास. "मीच माझ्या हातान तुका ह्या पाणी पाजलंय गो," रडत म्हणालीस. "माका माफ कर." तू कधी कोणाची माफी मागितलेली मी पाहिली नव्हती. मी हात तसाच तुझ्या हातात राहू दिला. त्यानंतर आपल्या घरात एक गोष्ट बदलली, ती बाबांच्या लक्षातही आली नाही. तू दारात आलेल्याला पाणी आणून द्यायचं थांबवलंस. आता तू विचारायचीस, "पाणी देव काय?" आणि माणूस संकोचाने नको म्हणायचा. यंत्रही वर्षभरात बंद पडलं. त्याचा लाल दिवा लागला तो विझेचना, पत्रकावरचा नंबर कोणी उचलेना, आणि तू त्या दिव्याकडे पाठ करून पाणी उकळत राहिलीस. जाईपर्यंत उकळत होतीस. शेवटच्या आठवड्यात भेटायला आलेल्या मावशीला मी पाणी दिलं तर पडल्या पडल्या मला विचारलंस, "उकळलेला मां?"

खरं काय ते मला तुझ्यानंतर कळलं. घाटकोपरच्या शाळेत मी ऑफिसात क्लार्क म्हणून लागले. एकदा मधल्या सुट्टीत आमच्या सायन्सच्या बाईंना मी हा किस्सा सांगितला, जसा सगळ्यांना सांगायचे, पालिकेचं पाणी कसं घाणेरडं असतं याचा पुरावा म्हणून. बाई हसत सुटल्या. "अगं वेडे, घाण पाण्यात नव्हतीच. सळई लोखंडाची असते. वीज सोडली की तीच झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. साध्या पाण्यात क्षार असतात म्हणून वीज वाहते. त्याच्या पाण्यातले क्षार काढलेले, म्हणून काही होत नाही. त्यात चिमूटभर मीठ टाकून बघायचंस, त्याचंही गटार झालं असतं." मला समजेना तेव्हा त्यांनी प्रयोगशाळेत करूनच दाखवलं. डिस्टिल्ड पाणी, दोन सळया, मिनिटभर काही नाही. मग चिमूटभर मीठ, आणि माझ्या डोळ्यांसमोर तोच तपकिरी रंग, त्याच चिंध्या. मी ऑफिसात परत आले, समोर दाखल्यांची फाईल उघडली आणि मला इतका राग आला की अक्षरं दिसेनात. तुझं पाणी चांगलं होतं, आई. आणि ते तुला सांगायला तू नव्हतीस.

तेव्हापासून माझ्या पर्समध्ये मिठाची पुडी असते. नवरा हसतो. आमच्या स्वयंपाकघरातही पाण्याचं यंत्र आहे, ते मी दुकानात जाऊन, न घाबरता विकत घेतलं. बोअरवेलचं पाणी येतं तेव्हा लागतं. यंत्राशी माझं भांडण नाही. परवा एक नवीन यंत्र बघितलं, आत तांब्याचा तुकडा बसवलेला, तोच गुण म्हणून जाहिरातीत सांगतात. तांब्यात जंतू म्हणे! तुझी कळशी वितळवून हे आता तुकड्या तुकड्यांनी विकतायत असं मला वाटलं. एकदा मॉलमध्ये असल्याच टेस्टच्या टेबलावर मी ग्लासात गुपचूप मीठ टाकलं, तर सिक्युरिटीवाल्याने दंडाला धरून बाहेर काढलं. तिथे मी चुकले. गुपचूप करण्यात काय राम आहे?

आज सकाळी आमच्या आवारात बॅनर लागला, 'मोफत पाणी तपासणी शिबिर'. टेबल, एक्स्टेन्शन बोर्ड, दोन ग्लास, सळयांचं तेच यंत्र. माणूस चाळिशीचा, टाय लावलेला. तो टायवाला नव्हे, याचं वय जमत नाही. पण शब्द तेच. मी भाजीची पिशवी घेऊन गेटातून आत येत होते तेव्हा तो दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना विचारत होता, "आजी, नातवाला पोटाचा काही त्रास होतो का?" आजींचा चेहरा उतरला होता. अगदी तुझ्यासारखा उतरला होता.

मी वर गेले. स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी, यंत्राचं नव्हे, पेल्यात भरलं. बशीत गुळाचा खडा ठेवला. खाली आले. मी त्याला म्हटलं, "तुमच्या शुद्ध पाण्याची टेस्ट मला परत दाखवा ना, मी आत्ता आले." त्याने मोठ्या उत्साहाने नवीन ग्लास भरला. मी सगळ्यांच्या देखत पुडी उघडली आणि चिमूट सोडली. तो "मॅडम, मॅडम" करेपर्यंत मी बटण दाबलं होतं.

"अगंबाई, याच्या पाण्याचा तर चिखल झाला!" आजी ओरडल्या.

"मॅडम, तुम्ही केमिकल टाकलंत."

"मीठ आहे. चाखून बघा."

"जरा बाजूला या ना, मॅडम. बसून बोलू."

"इथेच बोलू. आजींना सांगा, मघाशी त्यांच्या ग्लासात जी घाण दिसली ती पाण्यातून आली की सळईतून?"

आठ-दहा जण जमले होते. कोणीतरी "वाट लागली याची" म्हणून हसलं. तो सळयांकडे बघत राहिला. मग पुटपुटला, "सळईतून."

"मोठ्याने."

"सळईतून, मॅडम. ट्रेनिंगला असंच शिकवतात."

मग मी पेला पुढे केला. "हे नळाचं आहे. घ्या." तो म्हणाला, गूळ कशाला? मी म्हटलं, "आमच्यात कोरडं पाणी देत नाहीत." नाही म्हणायची सोय मी ठेवलीच नव्हती. तो सगळ्यांसमोर नळाचं पाणी प्यायला, पूर्ण पेला. त्याचा कंठमणी वरखाली होताना मी मोजल्यासारखी बघत उभी होते. मला त्याची कीव आली नाही. यावी असंही वाटलं नाही. सेक्रेटरीने टेबल आवरायला लावलं, तो टाय सैल करून निघाला आणि मला वाटलं, एक फिटलं. मूळचा तो अजून बाकी आहे. त्याच्यासाठी मी मनातल्या मनात गाऱ्हाणंच घातलं, बाबा देवासमोर घालायचे तसं. 'बा देवा म्हाराजा, ज्येणी माझ्या आवशीक रडवल्यान, त्येका भर उन्हात दारोदार फिरांदे, आणि खंयच्याच दारात त्येका पाणी गावता नये.' आणि बाकीच्यांनी म्हणायचं 'होय म्हाराजा' पण मीच म्हटलं.

तुला हे आवडणार नाही. तू म्हणशील, पाण्याचा शाप देव नये कोणाक. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहून टाकलं. कळशी असती तर तिच्या तळाशी ठेवलं असतं.

शेवटचं पत्रक उरलंय. आजी मघाशी वर आल्या होत्या, घरचे दोन लाडू घेऊन. म्हणाल्या, "बरं झालं गं, मी उगाच स्वतःला दोष देत बसले असते." त्या गेल्यापासून मला ते वाक्य सोडत नाही. त्या टायवाल्याने काविळीचं विचारलं तेव्हा मी तिथेच खाटेवर बसले होते. तू माझा हात धरून माफी मागितलीस तेव्हाही मला माहीत होतं. सहावीत कावीळ होण्याआधी मी महिनाभर शाळेच्या फाटकाबाहेर बर्फाचा गोळा खायचे. तू शपथ घालून बंदी केली होतीस तो. घरी यायच्या आधी शाळेच्या नळावर फ्रॉकच्या टोकाने रंगलेली जीभ घासायचे, तू विचारू नयेस म्हणून. डॉक्टरने विचारलं, बाहेरचं काही खाल्लंस का, तेव्हा तुझ्यासमोर मी मान हलवून नाही म्हटलं. आणि बारावीच्या सुट्टीत, तू रडत होतीस तेव्हा, सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण तू माझा हात धरला होतास, असा कधी धरायची नाहीस, आणि खरं सांगितलं तर सोडशील असं मला वाटलं.

रोज खायचे, आई. काळा खट्टा.