दादांच्या सायकलीला दोन मोटारी

नाही हो वन्सं, दादांची सायकल मी भंगारात घातलेली नाही, आणि कापलेली तर मुळीच नाही. तुमच्या कानावर हे कुणी घातलं तेही मला ठाऊक आहे. समोरच्या शिंप्यानं. त्या माणसाला शिवण्यापेक्षा दुसऱ्याच्या घरातलं उसवण्यात जास्त गोडी. (माझ्या उशीचा अभ्रा गेल्या हिवाळ्यापासून त्याच्याकडे दोनच बाजूंनी शिवून पडलाय.) बरं, या भरात नमस्कार राहिला, तो घ्या, भाऊजींनाही सांगा. त्यांचा खोकला, तुमची कंबर आणि गाडीचा वायपर, तिघांनी एकदम दगा दिल्याचं वाचून जीव हळहळला. खोकल्याला गरम पाणी द्या, कंबरेला शेक द्या. वायपरचं काय, वय झालं की एकेक जायचंच.

तुम्ही लिहिलंत, सायकलीला हात लावला असेल तर या घराची पायरी चढणार नाही. वाचून मी त्या पायरीकडे बघून आले. तिलाही तुमची सवय राहिलेली नाही. दादा होते तेव्हा महिन्यातून दोनदा यायचात. ते गेल्यावर एकदाच आलात, तेही एका दुपारपुरतं, निम्मा वेळ घड्याळाकडे बघत. (टोमणाच आहे, गोड मानून घ्या.)

तर झालं असं. जिच्या कॅरियरवर तुमच्या दादांनी जन्मभर लोकांच्या पंख्यापंपांच्या जळक्या मोटारी दुरुस्तीला वाहिल्या, ती सायकल भिंतीला टेकून रिकामी उभी. मला बघवेना. चालवायला जावं तर माझे गुडघे दोन पायडल मारले की संपावर जातात. आणि मागच्या खोलीत दादांचा मोटारींचा ढीग तसाच, पंख्यांच्या, पंपांच्या, मिक्सरच्या, काही कशाच्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. माझी शाळा गावातली आणि तीही अर्धवट, पण इतकी वर्षं त्यांच्या हातात पाने-पकडी देऊन एवढं कळतं की कुठली मोटार घरच्या विजेवर फिरते आणि कुठली बॅटरीवर. त्या ढिगात जुन्या जीपच्या वायपरची मोटार सापडली. मूठभर अंगाची, हळू, पण दांडगी. (तुमच्या सासूबाईंसारखी. हे पत्र त्यांना वाचून दाखवू नका.) एकटीला माझं वजन ओढवेना. जोडीला तसलीच दुसरी हवी होती, ती मिळाली. शोधणाऱ्याला मिळतं.

एक मोटार मागच्या चाकाच्या डावीकडे बसवली, एक उजवीकडे, बॅटरी कॅरियरवर. कुठं भोक पाडलं नाही, वेल्डिंग केलं नाही. नुसत्या पट्ट्यांनी आवळल्यात, आणि पट्टीखाली जुन्या ट्यूबचे तुकडे घातलेत, दादांनी दिलेल्या हिरव्या रंगाला ओरखडा नको म्हणून. मग बटण दाबलं. सायकल थरथरली, कण्हली आणि तसूभर हलली नाही. समोरासमोर तोंड करून बसवल्यामुळे एक मोटार चाकाला पुढे ओढत होती आणि दुसरी मागे. दोघी आपापल्या जागी खऱ्या, दोघींचा जोर पुरेपूर, आणि मधे बिचारं चाक. मला तर लग्नानंतरचे दिवस आठवले. एकीकडे तुम्ही, एकीकडे मी आणि मधे तुमचे दादा. शेवटी एका मोटारीच्या तारा उलट जोडल्या आणि निघाली की सायकल. (आपल्या दोघींना मात्र वर्षं लागली, आणि तारा कुणी उलटवल्या यावर अजून वाद आहे.)

चाल म्हणाल तर शेजारून चालणारा माणूस बोलत बोलत पुढे निघून जातो. पण खरी गंमत थांबण्यात. वायपर बघा, बटण बंद केलं तरी काचेच्या मधोमध थांबत नाही, आपल्या जागेवर जाऊन मगच आडवा होतो. ती खोड मोटारीतच असते. मी शिंप्याच्या दारासमोर बटण बंद केलं, सायकलीनं आपला फेरा पुरा केला, आणि मी थेट दुकानात. शिंपी एका गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावून उभा. गिऱ्हाईक टेपासकट पळालं.

“वहिनी, ब्रेक नाही का हिला?”

“आहे की. पण आलेच आहे तर अभ्रा दे.”

आपल्या मोजपट्टीएवढं लांब तोंड केलं त्यानं, आणि संध्याकाळी तुम्हाला फोन लावला.

ही खोड काढता येते, वन्सं. एक तार तोडली की झालं, आणि कुठली ते मला माहीत आहे. नाही तोडली. तुमचे दादा असेच नव्हते का? जेवायला हाक मारली की “आलो” म्हणायचे आणि हातातल्या मोटारीवर तांब्याची तार गुंडाळून पुरी झाल्यावरच उठायचे. ताट निवायचं, मी चिडायची. काम अर्ध्यावर टाकून ते एकदाच उठले. ती मोटार अजून टेबलावर तशीच आहे, अर्धी गुंडाळलेली.

तेव्हा या आणि आपल्या डोळ्यांनी बघा. नाहीच पटलं तर पट्ट्या सोडते, सायकल होती तशी घेऊन जा आणि तुमच्या बाहेरच्या खोलीत टांगा. पत्र पोचल्याचं कळवू नका, स्वतःच पोचा.

तुमची वहिनी

ता.क. भाऊजींना येताना पकड आणि दहा नंबरचा पाना आणायला सांगा. का, ते विचारू नका. मुक्कामाच्या तयारीनं या, एका दुपारचं काम नाही.

आणखी एक. पाऊस सुरू व्हायच्या आत या. नंतर तुम्हाला गाडी चालवताना समोरचं दिसायचं नाही.

राहवत नाही म्हणून लिहिते. तुमचा वायपर बिघडलेला नाही. त्याची मोटार माझ्या सायकलीला आहे. त्या दुपारी भाऊजी घोरत होते, तुम्ही आत दादांच्या सदऱ्यांच्या घड्या घालत होतात, तेवढ्यात काढली. टपालानं पाठवणार नाही. आणि एका मोटारीला माझं वजन ओढवेना, हे खोटं. सायकल एकीवरही चालते. दुसरी तुम्ही परत यावं म्हणून काढली.