गाववाल्याची वाइड लेन्स

देवेश,

तुझी 'झकास कंडिशन'वाली सेकंडहँड वाइड लेन्स टेबलावर ठेवली आहे. आज बॅग भरताना कॅमेऱ्याला लावली, तर फोकस होईना, नुसती करकर. टॉर्च मारून बघितलं, आत बुरशीचं जाळं. विकणारा देवगडचा निघाला, मालवणीत दोन वाक्यं बोलला आणि तू विरघळलास. म्हणे, 'आपलो माणूस फसवूचो नाय!' लावून बघितलीस का विचारलं, तर मीच संशयी.

विक्रोळीच्या बारशाला मी एकटीच जाते. दहा बाय बाराच्या खोलीत वीस बायका असतील आणि मी साध्या लेन्सने भिंतीला पाठ घासत फोटो काढीन. तू तोवर तुझ्या गाववाल्याला फोन लाव. उचलणार नाही, तरी लाव. त्याने फुकट दिलेलं कोकम आगळ फ्रिजमध्ये आहे. ते तेवढं अस्सल निघालं, सोलकढी करून पी.

मला बघायला आलात तेव्हा सात जण होतात. माझ्या चष्म्याचा नंबरसुद्धा विचारून घेतलात. लेन्स मात्र न बघताच पसंत केलीस.

श्रुतिका